मधुमेह आणि ताटातील चोथा : लोहा परिसरातील आहाराचा विचार

मधुमेह हा एके काळी शहरातील व सुखवस्तू लोकांचा आजार समजला जात असे. आज नांदेड-लातूर रस्त्यावरील लोहा, अहमदपूर, चाकूर यांसारख्या गावांत आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतही ‘साखरेची गोळी’ सुरू नसलेले घर शोधावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २००८ ते २०१० या काळात, महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते.

मधुमेह झाल्याचे कळताच बहुतेक घरांत पहिली गोष्ट होते ती म्हणजे चहातील साखर बंद करणे. ते योग्यच आहे. परंतु पुष्कळदा पथ्य तेथेच संपते. साखर सोडलेली व्यक्ती दोन्ही वेळा ताटभर भात, मैद्याची बिस्किटे आणि पोहे खात राहते व रक्तातील साखर का उतरत नाही याचे नवल करते. काय सोडावे याची यादी सर्वांना पाठ असते. काय वाढवावे हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वाढवण्याजोग्या गोष्टींत अग्रभागी आहेत ते तंतुमय पदार्थ, म्हणजेच आपल्या बोलीतील चोथा. हे सर्व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयी आहे, कारण प्रौढ वयात आढळणारा मधुमेह बहुतांशी याच प्रकारचा असतो.

चोथा म्हणजे काय?

धान्याचा कोंडा, डाळीचे टरफल, भाजीच्या शिरा, फळाची साल व गर यांतील जो भाग आपल्या आतड्यातील पाचकरसांना पचत नाही, तो चोथा होय. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा. मेथीचे दाणे रात्री भिजत घातले की सकाळी त्यांभोवती जो चिकट थर दिसतो, भेंडीत जी चिकटी असते, इसबगोल पाण्यात टाकताच जसा फुगतो, तो हा प्रकार. दुसरा पाण्यात न विरघळणारा, म्हणजे ज्वारी-गव्हाचा कोंडा आणि पालेभाजीचे देठ. निसर्गाने बहुतेक पदार्थांत हे दोन्ही प्रकार एकत्रच ठेवले आहेत. त्यामुळे जेवताना त्यांचा वेगवेगळा हिशेब ठेवण्याची गरज नाही.

शरीरात नेमके काय घडते?

भात किंवा मैदा यांसारखे मऊ व कोंडा काढलेले पिष्टमय अन्न पोटात गेले की त्याचे साखरेत रूपांतर झपाट्याने होते आणि ती साखर एकदम रक्तात उतरते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड तितक्याच तत्परतेने इन्शुलिन पुरवते. मधुमेही व्यक्तीच्या शरीरात इन्शुलिन अपुरे पडते अथवा त्याला पेशी नीट दाद देत नाहीत. म्हणून जेवणानंतर साखर उंच चढते आणि बराच वेळ खाली येत नाही.

त्याच जेवणात विरघळणारा चोथा असेल तर अन्नाचा लगदा दाट होतो, जठरातून सावकाश पुढे सरकतो आणि साखर रक्तात थोडी थोडी झिरपते. न विरघळणारा चोथा पोट भरल्याची जाणीव देतो व कोठा साफ ठेवतो. मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू या चोथ्यावर जगतात आणि त्यापासून काही सौम्य आम्ले तयार करतात. ही आम्ले शरीराच्या साखर हाताळण्याच्या क्रियेला साहाय्यभूत ठरतात. शिवाय चोथा पित्तरसातील आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो, त्यामुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉलही काहीसे घटते. मधुमेही व्यक्तींना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याने हा लाभ लहान मानू नये.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात डॉ. मनीषा चंदालिया व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १३ रुग्णांना सहा आठवडे दररोज २४ ग्रॅम चोथा असलेला आहार आणि आणखी सहा आठवडे ५० ग्रॅम चोथा असलेला आहार देण्यात आला. अधिक चोथ्याच्या काळात रक्तातील साखरेची सरासरी सुमारे १० टक्क्यांनी कमी राहिली. विशेष म्हणजे हा चोथा कोणत्याही पूड-गोळ्यांतून दिलेला नव्हता. तो रोजच्या फळे, भाज्या व धान्यांतूनच मिळालेला होता.

दररोज किती हवा?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर १००० कॅलरींमागे सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे २००० कॅलरी घेणाऱ्या व्यक्तीला दिवसाला ३० ग्रॅम चोथा आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे असे प्रमाण सांगितले. आकडे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. आपल्या शिवारात काय पिकते हे पाहिले की हिशेब आपोआप सोपा होतो.

आपल्या शिवारातील ठेवा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार दर १०० ग्रॅममागे चोथ्याचे प्रमाण साधारण पुढीलप्रमाणे आहे. ज्वारीत १० ग्रॅम, बाजरी व नाचणीत ११ ग्रॅम, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ ग्रॅम. उलटपक्षी पांढऱ्या तांदळात व मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या तुरीत जवळजवळ २३, तर सोललेल्या तूरडाळीत ९. अख्ख्या मुगात १७, मूगडाळीत ९. मेथीची भाजी व गवार यांत प्रत्येकी ५ च्या आसपास, भेंडीत ४, शेवग्याच्या पाल्यात ८. पेरूत ८ ते ९. जवसात २६.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली म्हणजे ज्वारी व गहू यांत चोथ्याच्या बाबतीत फारसा फरक नाही. खरा फरक चाळणीमुळे पडतो. पांढरीशुभ्र पोळी व्हावी म्हणून गव्हाचे पीठ बारीक चाळले की कोंडा उकिरड्यावर किंवा गोठ्यात जातो आणि ताटात उरते ते पिष्ट. दुसरी गोष्ट डाळीची. लातूर ही तुरीची व डाळ गिरण्यांची मोठी बाजारपेठ. तेथे तुरीचे टरफल निघते आणि त्याबरोबर निम्म्याहून अधिक चोथाही निघून जातो. वरण जरूर खावे, त्यातील प्रथिने मोलाची आहेत. परंतु आठवड्यातून चार-पाच दिवस मटकी, मूग, हरभरा, चवळी यांची उसळ अख्ख्या दाण्यांची असावी. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा व हिरवा हरभरा मिळतो, त्याचाही लाभ घ्यावा.

लातूर, धाराशिव व लगतच्या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास शेतात साजरी होणारी वेळा अमावस्या, म्हणजेच येळवस, सर्वांच्या परिचयाची आहे. त्या दिवशीची भज्जी पाहा. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, नाना पालेभाज्या व फळभाज्या आणि त्यांना बांधणारे बेसन. जोडीला ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ताकातील आंबील. आहारतज्ज्ञ चोथ्याचा जो आदर्श सांगतात, तो आपल्या पूर्वजांनी एका पातेल्यात शिजवून ठेवला होता. तो वर्षातून एकदाच का शिजावा, एवढाच प्रश्न आहे.

मग हे अन्न मागे का पडले?

याला केवळ जिभेचे चोचले कारणीभूत नाहीत. गेल्या तीन-चार दशकांत नांदेड-लातूरच्या शिवारात खरीप ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीन रोख पैसे देते, ज्वारी पाखरे खातात, तिच्या काढणीला मजूर मिळत नाहीत. शेतकऱ्याचा निर्णय समजण्यासारखा आहे. मात्र सोयाबीन तेलगिरणीत जाते आणि घरातील कणगी रिकामी राहते. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कोट्यवधी कुटुंबांची भूक भागवली, हे उपकार विसरता येणार नाहीत. तरीही जे घरात येते तेच शिजते, हे सत्य आहे. त्यात भाकरी थापण्याचे कष्ट आणि ‘भाकरी गरिबाची, पोळी श्रीमंताची’ ही जुनी समजूत यांची भर पडली.

सुदैवाने वारा थोडा बदलत आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण दिले. २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण पुढे आला. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळण्यात आले. बांधावर किंवा घरापुरती अर्धा एकर ज्वारी, चार तास तूर, थोडा जवस आणि परसात शेवग्याचे एक झाड एवढे जरी प्रत्येक शेतकरी कुटुंबाने राखले, तरी घरातील मधुमेही व्यक्तीच्या पथ्याचा मोठा खर्च वाचेल.

भाकरीविषयी एक गैरसमज

‘ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते’ असे अनेकजण श्रद्धेने सांगतात. हे खरे नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतातच. ४० ग्रॅम पिठाच्या एका पातळ भाकरीतून साधारण २७ ग्रॅम पिष्ट पोटात जाते. अशा चार भाकरी एका बैठकीत खाल्ल्या तर साखर चढणारच. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून दिसले की, भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. तसेच भाताऐवजी गहू अथवा भरडधान्य घेतले, परंतु एकूण पिष्ट तेवढेच ठेवले, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचे आढळले नाही. धान्याचा थोडा वाटा कमी करून तेथे डाळी, दूध-दही यांसारखी प्रथिने आणली, तेव्हा फरक दिसला.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. भाकरी ताटाचा पाव भाग व्यापेल इतकीच असावी. पाव भाग उसळ-वरण, दही, अंडे किंवा मासे यांचा आणि उरलेला अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीचा. आपल्याकडे पुष्कळ घरांत भाजी ही भाकरीला लावून खाण्यापुरती असते. तो क्रम उलटा करून भाजीला भाकरी लावावी. जेवणाचा प्रारंभ काकडी, मुळा, कांदा व भाजी यांनी करून भाकरी-भात शेवटी घेतल्यासही जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

दोन दिवसांचा हिशेब

एका दिवशी सकाळी प्लेटभर पोहे, दुपारी भात, पातळ वरण व बटाट्याची भाजी, सायंकाळी चहासोबत चार बिस्किटे आणि रात्री खिचडी असे जेवण झाले, तर दिवसभरात जेमतेम १३-१४ ग्रॅम चोथा मिळतो. गरजेच्या निम्म्याहूनही कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३० ग्रॅम कोरड्या मुगाची मोड आणून केलेली उसळ घेतली की ५ ग्रॅम. दुपारी दोन पातळ भाकरींतून ८, मेथीच्या भाजीतून ५, वरणातून २, काकडी-मुळ्यातून २ ग्रॅम. सायंकाळी एक मध्यम पेरू सालीसकट, ८ ग्रॅम. रात्री एक भाकरी व गवारीची भाजी, ९ ग्रॅम. एकूण ३९ ग्रॅम. या दुसऱ्या दिवशी कोणतीही महागडी वस्तू आणावी लागली नाही. ‘मधुमेहींसाठी खास’ असा शिक्का असलेली बिस्किटे व पिठे विकत घेण्यापूर्वी हा हिशेब आठवावा. त्या बिस्किटांतही पुष्कळदा मैदा व तेलच मुख्य असते.

फळांच्या बाबतीत फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. रस गाळताना चोथा गाळणीत राहतो व साखर पेल्यात उतरते. पेरू, जांभूळ, पपई मापात चालतात. बालाघाटच्या डोंगरातील सीताफळ गोड असते, म्हणून अर्ध्यावर समाधान मानावे.

दोनच वेळा जेवणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत अनेकांनी स्वीकारली आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून प्रत्येकी ५५ मिनिटांच्या दोन जेवणांची पद्धत घरोघर पोहोचवली. ही पद्धत पाळणाऱ्यांनी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. दिवसाचा सारा चोथा त्या दोन ताटांतच बसवायचा असल्याने कोशिंबीर व उसळ यांना पर्याय नाही. आणि जे इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतलीच पाहिजे. अन्यथा साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

उपवासाच्या दिवशी

आपल्याकडे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंतच्या व्यक्तींसाठी आहे आणि आजारी व्यक्तींना त्यातून मोकळीक असते. म्हणून औषधे घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने उपाशी राहण्याचा हट्ट धरू नये. त्याग करायचाच असेल तर गोडाचा, तळणाचा करावा. शेजारधर्माने साबुदाण्याची खिचडी पुढे आली, तर तिच्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते हे जाणून दोन घासांवर थांबावे. त्यापेक्षा राजगिरा किंवा भगर बरी. नाताळचा फराळ, लग्नाची पंगत वा माळेगावची यात्रा यांनाही हेच लागू आहे. घरून मूठभर भाजलेले हरभरे खाऊन निघाल्यास बाहेर मोह आवरणे सोपे जाते.

काही सावधगिरीच्या सूचना

चोथा एकदम वाढवू नये. आज १२ ग्रॅम खाणाऱ्याने उद्या ४० ग्रॅम खाल्ले तर पोट फुगेल, वात होईल आणि तो आठवड्याभरात हा मार्ग सोडून देईल. दर आठवड्याला एखादा पदार्थ वाढवत तीन-चार आठवड्यांत इष्ट प्रमाण गाठावे. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून शिजवावीत.

चोथ्याबरोबर पाणीही वाढले पाहिजे. आपल्या भागातील उन्हाळ्यात हे विशेष महत्त्वाचे, नाहीतर बद्धकोष्ठ उलट वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. इसबगोल घ्यायचा झाल्यास भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोनेक तास अंतर ठेवून घ्यावा.

मूत्रपिंडे दुबळी झालेल्या रुग्णांना अख्खी कडधान्ये, पालेभाज्या व काही फळे मर्यादेत घ्यावी लागतात. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे ज्यांचे जठर मंदावले आहे, जेवणानंतर वारंवार मळमळ व उलटी होते, त्यांना अधिक चोथा सोसत नाही. अशांनी वरील तक्ता स्वतःहून लागू करू नये.

आणखी एक गोष्ट घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावी. साखर अचानक उतरून घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या वेळी भाकरी किंवा हरभरे देऊ नयेत. चोथा साखरेची चाल मंदावतो आणि त्या क्षणी आपल्याला वेग हवा असतो. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व मग जेवण द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.

आहार बदलला म्हणून औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत. साखर खाली येऊ लागली तर मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टर घेतील. उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची तपासणी नियमित करावी आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही वेळोवेळी करून घ्यावी. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रांत विनामूल्य होते. तिचा लाभ धडधाकट दिसणाऱ्यांनीही घ्यावा.

घराचे पथ्य

शेवटी एक विनंती. मधुमेही व्यक्तीसाठी वेगळे पातेले चढवू नका. घरातील स्त्री सर्वांना वाढून उरलेले खाते, आणि उरतो तो बहुधा भात व रस्सा. तीच मधुमेही असेल तर पथ्य कागदावरच राहते. भाजी व उसळ मुबलक करावी आणि तिचे ताट सर्वांबरोबर मांडावे. जे अन्न रुग्णाला हितकारक आहे, तेच मुलांना मधुमेहाच्या उंबरठ्यापासून दूर ठेवणारेही आहे. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर मुलांचा धोका वाढतो, परंतु त्यांच्या ताटातील चाळलेले पीठ, भात व बिस्किटे कमी करणे आपल्या हाती आहे. येत्या बाजारच्या दिवशी बिस्किटांच्या पुड्याऐवजी पावशेर मटकी व एक जुडी मेथी घरी आणावी, आणि पिठाची चाळणी काही काळ खुंटीलाच टांगून ठेवावी.